रोज दोन बोटं

शूटिंगच्या नवव्या दिवशी सकाळी, सेटवरचे दिवे लागायच्या आधी, नटी पलंगावर आडवी झाली आणि आळस देता देता तिने उजवा हात लांबवला, तर मधल्या बोटाचं टोक भिंतीला लागलं. एवढंच झालं. मिस्त्री कोपऱ्यात गुडघे टेकून भिंतींचा सांधा झाकणाऱ्या कोपरपट्टीवरचा ओला रंग बोळ्याने टिपत होता. त्याने ते बोट पाहिलं. बोट मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, पुन्हा टेकलं. मग ती उठून बसली आणि घरातलं मीठ संपलं का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "काका, ही खोली लहान झालीय का हो?" मिस्त्री बोळा तसाच धरून राहिला. खरं उत्तर एका अक्षराचं होतं. "नाही," तो म्हणाला, आणि तेवढ्याने भागणार नाही असं वाटून त्याने जोड दिली, "लाकूड आहे ताई. दमट हवेत फुगतं. मग वाटतं तसं." ती मान हलवून पुन्हा आडवी झाली, पण हात तिने छातीवर घेऊन ठेवला.

लाकूड फुगतं, ही सुतारांच्या धंद्यातली सगळ्यात जुनी थाप. दार बसेना, लाकूड फुगलं. ड्रॉवर निघेना, लाकूड फुगलं. चौकट स्वतः पाव इंच चुकीची कापली तरी फुगलेलं लाकूडच. मिस्त्रीचा बाप ही थाप इतक्या गंभीरपणे मारायचा की घरमालक उलट त्यालाच धीर द्यायचे. घरी आल्यावर बाप हसून म्हणायचा, लाकूड बोलत नाही म्हणून आपलं पोट भरतं. मिस्त्रीने बापाची हत्यारं घेतली, घराण्यातला गुडघेदुखीचा वारसा घेतला आणि ही थापही घेतली, पण आजवर ती त्याने दारं-खिडक्यांपुरतीच वापरली होती. माणसाच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल, त्याने ती पहिल्यांदाच मारली होती. आणि मारताना आवाज जरासुद्धा कापला नाही, हे त्याला नंतर दिवसभर आठवत राहिलं.

तसं पाहिलं तर हे सगळं त्याच्याच तोंडून निघालं होतं. दोन महिन्यांपूर्वी दिग्दर्शक त्याला एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेला. दिग्दर्शक तिशीतला, हळू बोलणारा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसणारा माणूस. कारखान्याच्या भिंती हातभर जाड. बाहेरची गाडी आत ऐकू येत नव्हती, फक्त छताला कुठेतरी पाण्याचा थेंब धरून सुटत होता. "मिस्त्री, अख्खा सिनेमा एका खोलीत," तो म्हणाला. "एक बाई, एक पलंग, एक टेबल, एक खिडकी, एक दार. अठरा दिवसांत संपवायचा. भूत दाखवायचं नाही." "का?" मिस्त्रीने विचारलं. "भूत महाग असतं," दिग्दर्शक म्हणाला आणि दोघंही हसले. मग तो म्हणाला, "भीती खोलीतूनच यायला हवी. तुम्ही सांगा, कशी येईल?" तीस वर्षांत मिस्त्रीला असं कोणी विचारलं नव्हतं. त्याने राजवाडे उभे केले होते, तुरुंग, दवाखाने, एकदा तर आख्खी आगगाडी, आणि प्रत्येक वेळी काम संपलं की प्लायचे तुकडे टेम्पोत भरून तो घरी गेला होता. सिनेमात लोक नटांकडे बघतात. मागच्या भिंतीकडे बघत बसलेला प्रेक्षक म्हणजे एकतर कंटाळलेला असतो, नाहीतर सुतार असतो. म्हणून विचारल्याबरोबर तो फुशारला. "एका भिंतीला खाली चाकं लावून देतो," तो म्हणाला. "दोन बाजूंच्या भिंतींच्या मधे ती ड्रॉवरसारखी सरकेल. रोज दोन बोटं आत घेतली ना साहेब, तर आत राहणाऱ्यालाही कळायचं नाही, आणि चैनही पडायचं नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. दिग्दर्शकाने कप खाली ठेवला. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. पुन्हा सांगताना मिस्त्रीला छान वाटलं, हे तो आता कोणाजवळ कबूल करणार होता?

तिला सांगायचं नाही, असं त्याच दिवशी ठरलं. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि मिस्त्री, तिघांतच राहणार होतं. रोज सकाळी सहाला मिस्त्री कारखान्यात येई, काळा पडदा बाजूला सारून भिंतीच्या मागे जाई, चार बोल्ट सैल करी, वाळूच्या पिशव्या उचलून ठेवी आणि खांदा लावून भिंत दीड इंच आत घेई. त्याच्या दोन बोटांची रुंदी बरोबर दीड इंच भरत असे, त्यामुळे पट्टी काढायचीही गरज पडत नव्हती. मग पुढच्या बाजूने येऊन तो कोपरपट्टी काढी, नव्या जागी बसवी, ओल आल्याचा जो डाग त्याने चहा आणि वॉर्निशने रंगवला होता तो नव्या कोपऱ्यापर्यंत ओढून घेई, चाकांनी उमटलेले ओरखडे ओल्या फडक्याने पुसून काढी. साडेसातला ती यायची तेव्हा खोली अशी दिसे की जणू ती बांधल्यापासून हललीच नाही. इतकं स्वच्छ काम त्याने स्वतःच्या घरातही कधी केलं नव्हतं. घरातल्या मोरीच्या दाराची बिजागरी सहा वर्षं निखळून लोंबत होती.

आणि पहिल्या दिवशी त्याने तिला शब्द दिला होता. ती नाटकातून आलेली, चौतिशीतली, बारीक, सारखी बाह्या वर सारणारी. कामाला लागायच्या आधी तिने सेट बांधणारा कोण म्हणून विचारत त्याला शोधून काढलं. असं नट-नट्या करत नाहीत. ती म्हणाली, "काका, मला बंद खोलीची जरा भीती आहे. हसू नका. सिनेमा घेतला तेव्हा म्हटलं, निघून जाईल भीती. पण एकदा मला मागून दाखवा ना, कशी बांधलीय." त्याने तिला सगळी खोली बाहेरून फिरवून दाखवली. हे टेकू, ही चौकट, ही खिट्टी. "ही ओढली की दारासकट भिंत बाहेर पडते," तो म्हणाला. "आत काही वाटलं तर नुसती हाक मारा, मी इथेच असतो." चाकांवर त्याने आदल्या दिवशीच फळी ठोकून ठेवली होती, ती तिला दिसली नाही. "म्हणजे तुमच्या परवानगीशिवाय या खोलीत काही होत नाही तर," ती म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला. त्या क्षणी ते अक्षरशः खरं होतं आणि म्हणूनच त्याला पुढे जास्त लागलं.

नवव्या दिवशीच, दुपारच्या जेवणानंतर, ती पुन्हा त्याच्याकडे आली. या वेळी आवाज तितका साधा नव्हता. "काका, मोजून दाखवता का? माझ्या समाधानासाठी." दिग्दर्शक दारात उभा होता. तो हातातल्या कपाकडे बघत राहिला. मिस्त्रीने खिशातून टेप काढला. हा टेप जुना. पहिल्या फुटावरचे आकडे घासून गेलेले, पुढची पकड तुटलेली. त्यामुळे मिस्त्री नेहमी एक फुटाच्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करायचा आणि आलेल्या मापातून एक फूट वजा करायचा. त्याच्या हाताला ते इतकं बसलं होतं की वजाबाकी करतोय हेही त्याला जाणवत नसे. दुसरा कोणी टेप मागायला आला तर तो देत नसे, कारण नवखा माणूस हमखास फसायचा. त्याने एकचा आकडा मुठीत धरून सरकत्या भिंतीला टेकवला आणि टेपचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. ती टेप ओढत समोरच्या भिंतीपर्यंत गेली. "किती?" त्याने विचारलं. ती वाकली, डोळे बारीक करून तिने वाचलं. "दहा." खोली दहा फुटांचीच बांधली होती, ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठ सकाळी, रोज दीड इंच, म्हणजे भिंत बरोबर एक फूट आत आली होती. त्या दिवशी मिस्त्रीने वजा केलं नाही. "दहाच्या दहा," तो म्हणाला. ती हसली, टेप सोडून दिला, तो सरसर त्याच्या मुठीत आला आणि अंगठ्याला कापून गेला. "बघा, उगाच," ती म्हणाली. "सॉरी हं काका, तुमचं काम वाढवलं."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने पलंगही फूटभर पलीकडे सरकवायला सांगितला. मिस्त्रीने सरकवला, पायांचे ठसे पुसले. ती आली, आडवी झाली आणि त्याच्याकडे न बघता हात लांबवला. हात हवेतच राहिला. तिला आनंद व्हायला हवा होता. ती बराच वेळ तो लांबवलेला हात बघत राहिली, मग म्हणाली, "मग काल कसा लागला?" विचारलं कोणाला तेही कळलं नाही. वेशभूषेवाली बाई कपड्याला टाचणी लावत होती. ती म्हणाली, "दमलीयस गं, दुसरं काय. एकाच खोलीत दहा दिवस काढले तर मलासुद्धा भिंती चालताना दिसतील." सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर तिने कोणालाच काही विचारलं नाही. मात्र मिस्त्रीला पडद्याच्या फटीतून दिसायचं की दोन दृश्यांच्या मधे ती सरकत्या भिंतीला टेकलेल्या टेबलापासून समोरच्या दारापर्यंत पावलाला पाऊल लावून चालते, ओठ हलवत आकडे मोजते, दारापाशी थांबते आणि परत फिरते. मोजून झालं की ती तळहात कपाळाला लावून बसायची. मिस्त्री तेव्हा काहीतरी काम काढून दूर निघून जायचा. सेटवर सुताराला काम काढायला वेळ लागत नाही.

बाराव्या दिवशी चहाच्या वेळी ती त्याच्या शेजारी लाकडाच्या ढिगावर येऊन बसली. "काका, एक सांगू? कोणाला बोलू नका," ती म्हणाली. "माझी आई चौतीस वर्षांची असताना तिचं सुरू झालं. आमच्या घराला बावीस पायऱ्या. ती म्हणायला लागली, एकवीसच आहेत. मग वीस. आम्ही तिला हात धरून मोजून दाखवायचो, ती आमच्याबरोबर बावीस मोजायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची, कोणीतरी एक काढून नेली. पुढे मग पायऱ्यांवर थांबलं नाही ते." मिस्त्रीने विचारलं, "आता कशा आहेत?" "नाहीत," ती म्हणाली. तिने बाह्या वर सारल्या, पुन्हा खाली ओढल्या. "मी लग्न केलं नाही त्याला बाकीचीही कारणं आहेत, पण हे एक आहे. आणि येत्या महिन्यात मला पस्तिसावं लागेल. मी मनाशी म्हणत होते, एवढं एक वर्ष सुखरूप गेलं ना, की सुटले." चहा तिने तसाच ठेवला होता, त्यावर साय धरली. "तुम्ही टेपने मोजून दाखवलंत ना, दहा भरले. पण मला अजूनही ती लहानच वाटते. आईलाही मोजून पटत नव्हतं."

आता तरी तो बोलेल असं कोणालाही वाटलं असतं. त्यालाही वाटलं. तोंडात वाक्य तयार होतं, साधं, चार शब्दांचं. पण त्या वाक्यामागे दुसरं वाक्य उभं होतं, की म्हणजे तुम्ही मला टेप धरायला लावून फसवलंत. आणि त्याच्यामागे तिसरं, की हे सुचलं कोणाला? त्याच्या डोळ्यांपुढून तो अंगठा, तो सरसरत आलेला टेप गेला. "होतं असं, ताई," तो म्हणाला. "थकवा असतो." ती त्याच्याकडे बघून हसली आणि कप उचलून एका दमात थंड चहा पिऊन टाकला. आयुष्यात असे क्षण असतात की ज्यांत माणूस वाईट वागत नाही, नुसता वागायचं राहून जातो. मिस्त्रीच्या आयुष्यात असे पुष्कळ होते, पण इतका लखलखीत कुठलाच नव्हता.

तेराव्या दिवशी शूटिंगला सुट्टी होती. सकाळी जेवायला बसल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, आधी गंमत म्हणून सुरुवात केली आणि मग आवाज आपोआप उतरत गेला. बायको वाढता वाढता थांबली. "तिने विचारल्यावर तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं. "नाही म्हणालो." "आणि मोजल्यावर?" त्याने टेपचं सांगितलं. तिने हातातली पळी पातेल्यात ठेवली. त्याला वाटलं रागावेल, ते बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला तो गॅसचा वास आठवतो का?" कसा आठवणार नाही? लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी ती पाच महिने म्हणत होती की स्वयंपाकघरात गॅसचा वास येतो. त्याने नळी बघितली, बटण बघितलं, साबणाचा फेस लावून बघितला. सासूने सांगितलं, दिवस राहत नाहीत ना, त्याने डोकं फिरलंय बिचारीचं. त्यानेही तिला जवळ बसवून समजावलं होतं, अगदी मायेने, की वास नाहीये गं, तुला वाटतो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या माणसाने तक्रार केली आणि भिंतीतली नळी गळताना सापडली. "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून मी सोडून दिलं," बायको म्हणाली. "पण त्या पाच महिन्यांत मी रोज सकाळी उठून आधी माझं मलाच हुंगून बघायचे, मी ठिकाणावर आहे का म्हणून. वास सापडल्यावरसुद्धा ती सवय जायला दोन वर्षं लागली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगून टाका त्या पोरीला. उद्याच." तो हो म्हणाला. जेवण झाल्यावर तो मोरीच्या दाराची बिजागरी बसवायला बसला आणि ती त्याने इतकी घट्ट बसवली की दार उघडेना.

दुसऱ्या दिवशी तो गेला, पण आधी दिग्दर्शकाकडे. ज्याच्या हाताखाली काम, त्याला विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, ही तीस वर्षांची सवय हाडांत मुरलेली. दिग्दर्शकाने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या आईचं ऐकल्यावर त्याने डोळे मिटले. तो काही राक्षस नव्हता. "मिस्त्री, चार दिवस," तो म्हणाला. "मग मी स्वतः तिला सांगतो, तुमच्यासमोर सांगतो. आज सांगितलं तर चौदा दिवसांचं काम खोटं पडेल तिच्या मनात, मग पुढचे चार दिवस ती अभिनय करेल. या, तुम्हाला दाखवतो." त्याने छोट्या पडद्यावर आदल्या आठवड्याचं दृश्य लावलं. ती टेबलापाशी बसलेली. काही करत नाही. फक्त एकदा तिची नजर भिंतीकडे जाते, परत येते, पुन्हा जाते, आणि चेहऱ्यावर असं काही येतं की मिस्त्रीला स्वतःच्या पाठीवर कोणीतरी पाण्याचा हात फिरवल्यासारखं झालं. मागे कॅमेरामन हळूच म्हणाला, "ही भिंत आहे मिस्त्री. ही तुमची भिंत बोलतेय." आणि मिस्त्रीला लाज वाटली ती याची, की त्याला अभिमान वाटला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातचं काम कोणाच्या तरी चेहऱ्यावर दिसत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "चार दिवस," तो म्हणाला. बायकोला त्याने संध्याकाळी सांगितलं की ती आज भेटली नाही.

चार दिवस त्याने रोज सकाळी भिंत आत घेतली. खांदा लावला की आतल्या चौकटीतून किंचित करकर यायची, मग भिंत हलायची, आणि तेवढ्या वेळात तो मनातल्या मनात तिच्याशी बोलून घ्यायचा. ताई, आज दीड इंच. ताई, कालचे आणि आजचे मिळून तीन. तुमचा हिशेब बरोबर आहे, पावलं कमीच भरतात, तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. हे सगळं तो प्लायच्या मागच्या बाजूला, जिथे रंग नव्हता, त्या बाजूला तोंड करून म्हणायचा. समोर ती आली की त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. तिचं काम रोज अधिक चांगलं होत होतं, सगळे म्हणत होते, आणि ती रोज थोडी बारीक होत होती. सतराव्या दिवशी ती दृश्य संपल्यावर पलंगावरून उठलीच नाही, भिंतीकडे पाठ करून पडून राहिली. वेशभूषेवालीने अंगावर शाल घातली. दिग्दर्शक सगळ्यांना म्हणाला, संपलं, अवघड होतं ते संपलं, उद्या फक्त सुरुवातीचं दृश्य.

सुरुवातीचं दृश्य शेवटी ठेवलं होतं, कारण त्यासाठी खोली पहिल्यासारखी हवी होती. बाई पहिल्यांदा खोलीत येते, बॅग ठेवते, खिडकीतून बघते, दार बाहेरून लागतं, एवढंच. अठराव्या दिवशी सकाळी मिस्त्री पाचलाच आला. त्याने बोल्ट काढले आणि भिंत एका दमात जवळजवळ दोन फूट मागे ओढली. कित्येक दिवसांत हात इतके हलके नव्हते. उघड्या पडलेल्या बाजूच्या भिंतींवरची धूळ त्याने झाडली, पहिल्या दिवसाचा रंग दिला, डाग मूळ जागी आणला, जमिनीवरची पंधरा सकाळांची सगळी खूण घासून घासून काढली, पलंग आणि टेबल जागच्या जागी ठेवलं. चाकं आता लागणार नव्हती, तीही काढून भिंत सरळ जमिनीला ठोकून टाकली आणि चाकं टेम्पोवाल्याबरोबर घरी पाठवून दिली. काम करताना त्याला खरोखर असं वाटत होतं की तो झालेलं सगळं मागे घेतोय. खोली आधी नीट करतो, मग तिला सांगतो. वस्तू जागेवर ठेवून माफी मागावी, एवढा सरळ विचार होता त्याचा. सात वाजता तो मागे उभा राहून बघत होता, आणि खोलीत कुठेही, जवळ जाऊन बघितलं तरी, काही घडल्याची रेघसुद्धा नव्हती.

ती आल्या आल्या त्याने तिला आत बोलावलं. "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि मग इतक्या दिवसांचं साठलेलं भडाभडा बाहेर आलं. भिंत सरकत होती. रोज दोन बोटं. मी सरकवत होतो. टेपचा पहिला फूट मी मुठीत दाबला होता. पलंग मी हलवला म्हणून दुसऱ्या दिवशी हात लागला नाही. तुम्हाला काहीही झालेलं नाही. ती पलंगावर बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर एकदा, अगदी क्षणभर, उजेड पडला, आणि ती उठून सरकत्या भिंतीपाशी गेली. दोन्ही तळहात लावून तिने भिंत ढकलली. भिंत ढिम्म. तिने वाकून खाली पाहिलं, बोटांनी चाचपलं. मग टेबलापासून दारापर्यंत पावलाला पाऊल लावून ती चालली, या वेळी मोठ्याने मोजत. दहा फुटांच्या खोलीत यायला हवा तितकाच तिचा आकडा आला. "आज सकाळीच मागे घेतली, ताई," मिस्त्री म्हणाला. "चाकंसुद्धा काढून टाकली, घरी गेली ती." बोलता बोलता त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय.

दिग्दर्शक दारात आला होता. ती वळून त्याला म्हणाली, "अरे, भिंत हलत होती का? खरं सांग." मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा. दिग्दर्शकाच्या मागे कॅमेरामन भिंग पुसत होता, तो आधीच पुसलेलं भिंग पुन्हा पुसायला लागला. दिग्दर्शकाला तिच्या आवाजाचं काम अजून करायचं होतं. कारखान्यात घेतलेला सगळा आवाज थेंबांनी खराब झालेला, अख्खा सिनेमा तिला पंधरा दिवसांनी पुन्हा बोलायचा होता, तोच श्वास, तीच भीती. मिस्त्रीला हे त्याच क्षणी समजलं, कारण आदल्या आठवड्यात त्यानेच ते काम करणाऱ्यांसाठी लाकडी खोका बनवायला घेतला होता. "काय मिस्त्री," दिग्दर्शक हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाला, "किती जीव लावता हो माणसाला." आणि त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. चार दिवसांनी सांगतो म्हणालेला माणूस आता पंधरा दिवस म्हणणार होता, आणि पंधरा दिवसांनंतर तिला कोण काय सांगणार, आणि सांगितलं तरी काय उरणार? वरातीमागून घोडं आलं होतं आणि तेही लंगडं. "साहेब, सांगा ना," मिस्त्री म्हणाला. आवाज त्याला हवा होता तितका मोठा निघाला नाही.

ती मिस्त्रीजवळ आली. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, रंगाने भरलेले होते तरी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. तिला तो खरोखर आवडत होता. "काका," ती म्हणाली, "माझे बाबा असंच करायचे. आई म्हणाली की पायरी गेली, तर ते म्हणायचे, हो गं, मीही बघितलं, उद्या बसवून घेऊ. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण त्यानेच ती लवकर गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. मला असं नका करू. त्या दिवशी तुम्ही टेपने मोजून दाखवलंत ना, ते मला जास्त आवडलं होतं. एक तरी माणूस खरं सांगणारा हवा मला इथे." तिने हात सोडले आणि तळव्याला लागलेला रंग शांतपणे बोळ्याला पुसला. "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय सोमवारची. लवकर कळलं तर औषधं असतात आता. आईच्या वेळी नव्हती."

मिस्त्री काहीतरी म्हणाला, बहुतेक टेपबद्दलच, पण तेवढ्यात दिवे लागले आणि कोणीतरी सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. पहिल्याच खेपेला तिने अचूक काम केलं. बॅग ठेवली, खिडकीतून पाहिलं, खोलीभर अशी नजर फिरवली की या खोलीत आपल्याला काही होणार नाही याची तिला खात्री आहे. दृश्याच्या शेवटी दार बाहेरून लागायचं होतं आणि ते लावायचं काम मिस्त्रीचं होतं, कारण त्या दाराची कडी कशी ओढायची ते त्यालाच माहीत होतं. खूण झाली. त्याने दार ओढलं, कडी घातली आणि दाराला कपाळ टेकून उभा राहिला. आतून तिचा आवाज आला, "काका, लागलं का नीट?"

"लागलं, ताई," तो म्हणाला.

हे मात्र तिला लगेच पटलं.